सूप काढून ठेव, मी येतेय

पुणे,
रविवार दुपार, ९ नोव्हेंबर

ती. पप्पा आणि आई यांना सादर सलाम.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर आई विचारते जेवलीस का, पप्पा म्हणतात बरं चाललंय, घे आईशी बोल, आणि पाच मिनिटांत आपलं संपतं. मला जे सांगायचंय ते त्यात बसत नाही. शिवाय मावशीच्या कानावर गेलंय, म्हणजे नगरला पोचायला कितीसा वेळ. त्याआधी माझ्याकडूनच कळलेलं बरं.

यंदा मी नाताळच्या कमिटीत नाही. महिला मंडळाचं सेक्रेटरीपदही मार्चपर्यंत दुसऱ्या बाईंकडे दिलंय. भांडण झालेलं नाही, कुणी काही बोललेलं नाही, तब्येतही चांगली आहे. पाळकसाहेबांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी हेच तीन प्रश्न विचारले, म्हणून तुम्हालाही त्याच क्रमाने उत्तरं देऊन टाकली.

खरं कारण गेल्या डिसेंबरातलं आहे. तेव्हा सांगायची लाज वाटली.

घरभेटींच्या यादीत त्या दिवशी चौदा घरं होती. सकाळची ड्यूटी करून मी साडेतीनला निघाले होते. एका हातात केकच्या डब्यांची पिशवी, पर्समध्ये पावतीपुस्तक, डोक्यात रात्रीच्या कॅरल राउंडची गाडी आली का आणि पेट्रोलचे पैसे कोण देणार. नवव्या घरी एक आजी पलंगावर होत्या. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि सुरू केलं. पाळकाची मुलगी, मला प्रार्थनेला शब्द कधी अडले नाहीत, नळ सोडावा तसे येतात. प्रभू, हिच्या गुडघ्यांना आराम दे, हिच्या परदेशातल्या मुलाला सांभाळ. आमेन म्हणून डोळे उघडले तर आजी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, गुडघे माझे बरे आहेत. आणि मुलगा तर मला नाहीच."

आठव्या घरची प्रार्थना मी नवव्या घरात केली होती. नावसुद्धा आठव्या घरच्या बाईंचं घेतलं होतं.

सगळे हसले. आजी सर्वांत जास्त हसल्या आणि वर चहा पाजला. पण पुढची पाच घरं मी कशी केली ते मला आठवत नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं, की त्या खोलीत प्रार्थना चालू असताना मी स्वतःच तिथे नव्हते. मग ऐकणाऱ्याशी बोलत कोण होतं?

आमच्या वॉर्डात एक नियम आहे. तुम्ही कितीही सीनिअर असा, सात वाजता आलात की आधी रात्रपाळीच्या सिस्टरकडून रिपोर्ट घ्यायचा. उभं राहायचं आणि ऐकायचं. कोणाला रात्री ताप चढला, कोणाची सलाईन अडीचला बदलली, कोण रडत होतं. तोवर पेशंटला हात लावायचा नाही. रिपोर्ट न घेता कामाला भिडलेल्या मुलीला मी स्वतः ओरडलेय, "एवढी घाई आहे तर कोणाचं औषध कोणाला देशील?" आणि मी वर्षानुवर्षं देवाच्या वॉर्डात रिपोर्ट न घेताच शिरत होते. आठव्याचं औषध नवव्याला देत होते.

स्तोत्र १२१ आपण प्रत्येक प्रवासाच्या आधी म्हणायचो, एसटीत बसतानासुद्धा. इस्राएलाचा रक्षणकर्ता झोप घेत नाही, डुलकीही घेत नाही. इतकी वर्षं मला ते वचन प्रवासाचं वाटायचं. आता वाटतं, ते रात्रपाळीचं आहे. मी यायच्या आधी तो रात्रभर ह्या सगळ्यांजवळ बसलेला असतो, आणि मी येते ती जणू वॉर्ड माझाच आहे अशा तोऱ्यात.

पप्पा, तुम्ही उत्पत्तीचा पहिला अध्याय शिकवताना सांगायचात, बघा, तिथे दिवस संध्याकाळपासून मोजलाय: संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हा पहिला दिवस. म्हणजे माणसाचा दिवस झोपेने सुरू होतो. तो झोपलेला असताना देव कामाला लागलेला असतो. शिवाय माणूस घडला सहाव्या दिवशी, म्हणजे त्याला मिळालेला पहिला अख्खा दिवस विसाव्याचा. बिचाऱ्याने अजून एक काडीसुद्धा उचललेली नव्हती. रविवारच्या शाळेत आम्ही ह्यावर हसलो होतो. हे सुट्टी मागायला बरं आहे, असं कोणीतरी म्हणालं होतं. बहुतेक मीच.

तुमच्या पहाटा मला अजून दिसतात. नेवाशाकडच्या त्या पाळकाच्या घराची मागची ओसरी, वेत तुटलेली आणि सुतळीने विणून काढलेली आरामखुर्ची, खांद्यावर गोधडी, मांडीवर बंद बायबल. कंदील मोठा करायचा नाही. मला वाटायचं पप्पा खुर्चीत जाऊन परत झोपतात, आणि आम्हाला मात्र उठवतात! तुमच्याकडे सहा गावं होती, रविवारी तीन उपासना, आणि वाहन म्हणजे ती हिरवी अॅटलस, जिची चेन दर पावसाळ्यात नेमकी ओढ्याजवळ पडायची. तरी तो पाऊण तास तुम्ही कधी सोडला नाहीत. पाळकांच्या सभेला बाहेरगावचे साहेब मुक्कामाला असले तरी नाही.

आता आई, पुढचं तुझ्यासाठी आहे. पप्पांनी वाचून दाखवलं तरी चालेल, उलट त्यांनीच वाचावं.

तो पाऊण तास तयार कोण करायचं? चार वाजता पाणी भरणारी तू. स्टोव्ह घरात होता, पण पंप मारायचा आवाज ओसरीवर जातो म्हणून तू चूल पेटवायचीस आणि धूर खायचीस. आम्हा पोरांना फरपटत पुढच्या खोलीत न्यायचीस. पप्पा शांत बसले ह्यात नवल नव्हतं, त्यांच्याभोवती तू शांततेची भिंत बांधत होतीस. हे मी पप्पांना दोष द्यायला लिहीत नाही. म्हणजे थोडासा द्यायलाच. पन्नाशी आली, आता एवढं बोलू द्या.

तुला आठवतं का, जिल्हा मंडळीची सभा आपल्याकडे होती आणि तीसेक माणसं जेवायला? मी आठवीत असेन. तू परातीत बाजरीचं पीठ मळत होतीस आणि मी बायबल स्पर्धेतलं बक्षीस मिरवत म्हणाले, "आई, मार्था नको होऊस, मरीया हो." तू भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणालीस, "मग मार्थेच्या घरी त्या दिवशी भाकरी कोणी भाजली?" पप्पा खो खो हसले. उठलं मात्र कोणीच नाही, मीसुद्धा.

तुझा तो प्रश्न मला गेलं वर्षभर पुरलाय. लूकचा दहावा अध्याय मी पुन्हा पुन्हा वाचला: प्रभू घरी आलेला, मरीया त्याच्या पायांशी ऐकत बसलेली, आणि कामात बुडालेली मार्था त्याच्याकडे तक्रार करते, हिला मला मदत करायला सांग. पप्पा सांगायचे की मार्थेच्या कामाला मूळ ग्रीकमध्ये दियाकोनिया हाच शब्द आहे, जो प्रेषितांच्या पुस्तकात मंडळीच्या सेवेला येतो. म्हणजे ती चुकीचं काही करत नव्हती, सेवाच करत होती. आणि तिच्या अवस्थेला जो शब्द आहे त्याचा अर्थ चहूकडून ओढली गेलेली. प्रभू बोलला ते त्या ओढाताणीवर, भाकरीवर नाही. हे मला कुठून कळलं सांगू? योहानाच्या बाराव्या अध्यायातून. वल्हांडणाच्या सहा दिवस आधी प्रभू पुन्हा बेथानीला जेवायला आला, आणि तिथे सरळ लिहिलंय की मार्था वाढत होती. तीच बाई, तेच काम. मरीया पुन्हा पायांशीच, ह्या वेळी तर जटामांसीचं महागडं तेल घेऊन. पण मार्थेची तक्रार ह्या खेपेला नाही. मधल्या काळात तिला काहीतरी मिळालं होतं.

ते कुठे मिळतं हे शोधायला मी फेब्रुवारीत एका 'विसावा शिबिराला' जाऊन आले. हसू नका. सकाळी साडेसहाला व्यायाम, सातला गायन, मग दोन व्याख्यानं, गटचर्चा, जेवण, पुन्हा व्याख्यान, ओळखीचे खेळ, संध्याकाळी साक्षी, रात्री शेकोटी. गळ्यात बिल्ला आणि हातात वही. 'शांत राहा, मीच देव आहे हे जाणा' ह्या वचनावर एक भाऊ लाउडस्पीकरवरून सव्वा तास बोलले. मी दमून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून झोपले. खरा विसावा त्या रजेत झाला.

तेव्हा एलीया संदेष्टा आठवला. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय, आणि लगेच पुढच्या अध्यायात झुडपाखाली पडून 'आता पुरे, प्रभू' म्हणणारा. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली. तो जेवला, परत झोपला, पुन्हा उठवून पुन्हा जेवू घातलं. वाट लांबची आहे म्हणून. होरेब डोंगरावरचा देवाचा तो मंद स्वर मग पुढे, चाळीस दिवसांनी. आई, हे तुझ्या पद्धतीचं आहे ना? आधी जेव, मग बोलू.

नगरहून येताना दौंडनंतर गाडी केडगावला आली की मी अजून खिडकीशी सरकते. पप्पा, तुम्ही आम्हाला मुक्ती मिशन दाखवायला नेलं होतंत. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, शेती, छापखाना, आणि पंडिता रमाबाई स्वतः हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करत बसलेल्या, थेट १९२२ मध्ये जाईपर्यंत. माझ्यासारखीने ते ऐकून आधी विचारलं, एवढं सगळं एक बाई कसं करायची? तुम्ही इमारतींकडे पाठ करून म्हणालात, "लोक १९०५ च्या जूनबद्दल बोलतात, तिथल्या संजीवनाबद्दल, त्या आत्मिक जागृतीबद्दल. तू जानेवारी लक्षात ठेव." जानेवारीत बाईंनी रोज प्रार्थनेला बसायला कोण येईल विचारलं, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. सहा महिने त्या नुसत्या रोज बसत होत्या. माझ्या मनात तेव्हा आलं होतं, त्या वेळी स्वयंपाक कोण करत असेल. बघा, मी आईचीच मुलगी.

तर सध्या माझं असं चाललंय. पाच वाजून दहा मिनिटांनी गॅलरीत प्लास्टिकच्या स्टुलावर बसते. वीस मिनिटं. फोन आत. मध्यस्थीची यादीही, म्हणजे कोणाकोणासाठी प्रार्थना करायची ती, आत, ती नंतर. काही घडत नाही. समोरच्या इमारतीत पेपरवाला येतो, पंप चालू होतो. मनात डाळ भिजवायची राहिली, इन्क्रिमेंट, मुलाची फी, असं सगळं येऊन जातं. दोनदा डोळा लागला आणि डोकं ग्रिलवर आपटलं. पण परवा वॉर्डात एका बाईंनी विचारलं, "सिस्टर, जरा प्रार्थना कराल?" आणि मी सुरू करायच्या आधी त्यांना विचारलं, "काय मागू?" असं मी आजवर कोणाला विचारलं नव्हतं. त्यांनी जे सांगितलं ते माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.

पप्पा, मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, "आता डोळ्यांनी बायबल वाचवत नाही, उपदेशाला कोणी बोलावत नाही. सेवा संपली, नुसता बसून असतो." मी फोनवर काहीतरी बरंबरं बोलले. फोन ठेवल्यावर मात्र ते शब्द टोचत राहिले. ज्या माणसाच्या मांडीवर बायबल बंद असायचं आणि कंदील बारीक, त्याने 'नुसता बसून' म्हणावं? हे तुम्हाला मी काय सांगणार. माझी एक मागणी आहे. सकाळी पाच-दहाला तुम्हीही बसत जा, त्याच वेळेला. इकडे मी, तिकडे तुम्ही.

आई, आणि तुझं एक गुपित मला माहीत आहे. दुपारी पप्पा आडवे झाले की तू मागच्या उंबऱ्यात तांदळाचं सूप घेऊन बसायचीस. अर्धा-अर्धा तास. आम्हाला वाटायचं आई खडे काढतेय, त्रास द्यायला नको. एकदा मी हळूच मागून आले तर तुझा हात सुपात नुसता ठेवलेला होता, हलत नव्हता, आणि ओठ मात्र हलत होते. ते तांदूळ सकाळीच निवडलेले होते, मीच निवडले होते. मी काही बोलले नाही. तुला तुझी ओसरी मिळाली नव्हती, तू ती सुपात केली होतीस.

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार यंदा ३० तारखेला आहे. त्याआधी मी बुधवारी, २६ ला, दुपारच्या गाडीने येतेय आणि रविवारची उपासना तुमच्याबरोबर करून परत. चार दिवस. फराळ करायला घेऊ नकोस, चकल्या इथे मिळतात. पहाटेचं पाणी मी भरेन, चहा मी करेन, पप्पांना घेऊन तू ओसरीवर बस. दुपारी आपण दोघी उंबऱ्यात.

सूप माळ्यावर टाकलं असशील तर काढून ठेव. तांदूळ निवडलेले असले तरी चालतील.

तुमची,
बेबी