फेलिक्सचे नवे रूपच मूळ रूपाच्या अधिक जवळचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या कार्टून पात्रांच्या पुनरागमनावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेखाचा आवाका मोठा आहे आणि बहुतेक विवेचन पटण्याजोगे आहे. मात्र, १९९५ मध्ये अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर सुरू झालेल्या ‘द ट्विस्टेड टेल्स ऑफ फेलिक्स द कॅट’ या मालिकेने मूळ पात्राशी फारकत घेतली आणि म्हणून ती फसली, असा जो निष्कर्ष लेखकाने दोन ओळींत काढला आहे, तो मला मान्य नाही. ही मालिका अलीकडेच पुन्हा पाहिली आणि माझे मत नेमके उलट झाले.

मूळ पात्र म्हणजे कोणते, याचा विचार आधी व्हायला हवा. फेलिक्स या काळ्या बोक्याचा जन्म १९१९ मध्ये, मूकपटांच्या काळात, न्यूयॉर्कमधील पॅट सुलिव्हन यांच्या स्टुडिओत झाला. श्रेय अनेक वर्षे सुलिव्हन यांच्या नावावर राहिले, पण रेखाटनाची आणि कल्पनांची खरी धुरा ऑटो मेसमर यांच्याकडे होती, असे अॅनिमेशनचे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘फीलाइन फॉलीज’ या पहिल्याच लघुपटात संगीताचे स्वर हवेत उमटतात आणि मांजरे तेच स्वर हाताने पकडून त्यांची गाडी करतात. १९२३ च्या ‘फेलिक्स इन हॉलिवूड’मध्ये फेलिक्स आपली शेपूट काढून तिची काठी करतो, चार्ली चॅप्लिनच्या समोरच त्याची नक्कल करून दाखवतो आणि लकबी चोरल्याबद्दल चॅप्लिनचा राग ओढवून घेतो. पडद्यावर जे काही काढले आहे, ते सगळे फेलिक्सच्या हाताशी आलेले साहित्य असते. डोक्यावर उमटलेले प्रश्नचिन्हसुद्धा त्याला हूक म्हणून चालते. या पात्राचे सत्त्व असेल तर ते इथे आहे.

लेखकाच्या, आणि त्यांच्या पिढीतील अनेक प्रेक्षकांच्या, मनातला फेलिक्स मात्र १९५८ मध्ये जो ओरिओलो यांनी दूरचित्रवाणीसाठी घडवलेला आहे. पिवळी जादूची पिशवी, ती पळवण्यासाठी टपलेला प्रोफेसर, त्याचा हुशार भाचा पॉइंडेक्सटर आणि सगळ्यांना एकट्याने आवाज देणारे जॅक मर्सर ही त्या मालिकेची ओळख. तिची गोडी मी नाकारत नाही. परंतु कमी खर्चात आणि कमी चित्रांत काम भागवण्याच्या त्या पद्धतीत फेलिक्सचे शरीर जवळजवळ निश्चल झाले आणि त्याची सारी कल्पकता पिशवीत जाऊन बसली. शेपटीने जे करायचे ते पिशवी करू लागली. म्हणजे मूळ पात्राशी फारकत झालीच असेल, तर ती १९५८ मध्ये झाली होती.

१९९५ ची मालिका फिल्म रोमन या अॅनिमेशन संस्थेने केली. त्याच संस्थेने त्याच वाहिनीवर शनिवार सकाळसाठी १९८८ ते १९९४ या काळात ‘गारफिल्ड अँड फ्रेंड्स’ सादर केली होती. तिथला बोका बसल्या जागी बोलून हसवतो. त्यानंतर वर्षभरातच तिथून असा फेलिक्स बाहेर यावा, ही मला धाडसाची गोष्ट वाटते. पहिल्या पर्वातला कोणताही भाग काढून, आवाज बंद करून, केवळ मागची दृश्ये पाहावीत. घरे तालात डोलतात, खुर्च्यांना आणि दिव्यांना डोळे फुटतात, हातपाय रबरासारखे ताणले जातात आणि एक दृश्य संपण्याआधीच त्यातल्या वस्तू दुसऱ्या दृश्याच्या वस्तू होऊन बसतात. १९२० आणि १९३० च्या दशकांतील न्यूयॉर्कच्या कार्टूनपटांची, विशेषतः फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओची, ही चाल आहे. पिशवी इथेही आहे, पण ती कथेची सूत्रधार राहत नाही. कथानक सैल आहे हा आक्षेप खरा आहे, फक्त तो मेसमर यांच्या लघुपटांनाही तितकाच लागू पडतो. तिथेही एका कल्पनेतून दुसरी कल्पना फुटत जाणे हीच कथा होती.

मालिकेत दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. संवादांचा मारा पुष्कळदा चित्राच्या आड येतो. मूक फेलिक्स हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून येरझारा घालायचा आणि तो विचार करतो आहे हे प्रेक्षकाला कळायचे. त्या शांततेला या मालिकेत जागा नाही, आणि हे नुकसान मोठे आहे. काही भागांत तर गोंधळाखेरीज हाती काही लागत नाही.

खरी चूक झाली ती दुसऱ्या पर्वात. प्रोफेसर, पॉइंडेक्सटर, रॉक बॉटम, मास्टर सिलिंडर ही १९५८ ची मंडळी परत आणली गेली, फेलिक्सचा आवाज थॉम अॅडकॉक्स यांच्याऐवजी चार्ली अॅडलर यांचा झाला आणि कथा ओळखीच्या वळणाच्या झाल्या. ज्यांना पहिले पर्व आवडले होते त्यांचा विरस झाला आणि ज्यांना जुनी मालिका हवी होती त्यांना तीही पुरती मिळाली नाही. दोन पर्वांत मालिका आटोपली. त्याच सुमारास, १९९६ मध्ये, मुलांसाठी आठवड्याला ३ तास शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा निकष अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने घातला आणि १९९७ च्या शरद ऋतूत सीबीएसने आपल्या शनिवार सकाळची मांडणीच बदलली, हेही लेखात यायला हवे होते. मालिका अल्पजीवी ठरली म्हणून ती पात्राशी अप्रामाणिक होती, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आणखी एक उल्लेख राहून गेला आहे. १९२८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आरसीए या रेडिओ कंपनीच्या अभियंत्यांनी दूरचित्रवाणीचे प्रयोग केले, तेव्हा फिरत्या तबकडीवर फेलिक्सची बाहुली उभी करून तिचे चित्र अवघ्या ६० रेषांत प्रक्षेपित केले होते. दूरचित्रवाणीवरील कार्टून पात्रांच्या पुनरागमनाचा इतिहास लिहिताना हा प्रसंग गाळणे योग्य नाही.

पुरवणीत या विषयावर पुढील लेख येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्याआधी लेखकाने ‘फेलिक्स इन हॉलिवूड’ आणि १९९५ च्या मालिकेतील पहिल्या पर्वाचे दोन-तीन भाग लागोपाठ पाहावेत आणि फेलिक्सवरील परिच्छेद त्या आधारे पुन्हा तपासावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक