त्यागमूर्तींचे कौतुक आता पुरे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अधूनमधून एक लेख ठरलेला असतो. घरातल्या आजारी माणसाची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या कोणाची तरी कहाणी. लिहिणारा मनापासून लिहितो, यात शंका नाही. पण 'स्वतःकडे ढुंकूनही न पाहता' हे वाक्य त्यात हमखास येते आणि ते शाबासकी म्हणून येते. माझी तक्रार या शाबासकीबद्दल आहे.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरच्या मंडळींचा एक गट आहे, त्यात मी जाते. नवा आलेला माणूस बोलायला लागला की आधी दमल्याबद्दल माफी मागतो. "तक्रार नाही हं माझी, पण..." हे पालुपद. मग बऱ्याच वेळाने खरे काय ते बाहेर येते.

एका सूनबाईंचे सांगते (ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत). सासूबाईंना पक्षाघात झालेला. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला, टाचांना जखमा होतात, म्हणून रात्रीही गजर लावून उठायचे. एकदा पहाटे तीनच्या गजराला ती उठली, सासूबाईंनी अंग आखडून धरले आणि हिच्या तोंडून निघून गेले, "सोडा ना हो आता एकदाचं!" सासूबाईंची वाचा गेलेली; त्यांनी नुसते डोळे मिटून घेतले. त्यानंतर ही बाई स्वतःला राक्षसीण म्हणू लागली. इतका पश्चात्ताप झाल्यावर हात हळुवार व्हायला हवा ना? झाला नाही. औषध वेळेवर, अंघोळ वेळेवर, पण सासूबाईंच्या नजरेला नजर देणे तिने सोडून दिले. बघितले की ती पहाट आठवायची.

गटात हे सांगून ती गप्प झाली, तेव्हा पत्नीची सेवा केलेले एक आजोबा म्हणाले, "मी तर उशी भिरकावली होती भिंतीवर." आणखी दोघीतिघींनी माना डोलावल्या. कोणी उपदेश केला नाही, 'जाऊ दे गं' असेही म्हटले नाही. त्यानंतर तिने घरी जाऊन सासूबाईंपाशी बसून माफी मागितली. स्वतःला राक्षसीण म्हणत होती तोवर तिला तेवढेही जमले नव्हते.

क्रिस्टिन नेफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2003 मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची मांडणी केली, तिची तीन अंगे आहेत: स्वतःशी मायेने वागणे, आपले दुःख हे माणूसपणाचाच भाग आहे हे ओळखणे, आणि त्या दुःखात वाहून न जाता त्याच्याकडे नीट पाहणे. बहुतेक लोक पहिल्यापाशीच थांबतात. मला मधले अंग सर्वांत मोलाचे वाटते. आजोबांच्या उशीने तेच काम केले. चूक चूकच राहिली, पण ती तिच्या एकटीच्या नालायकपणाचा पुरावा उरली नाही.

यावर 'म्हणजे स्वतःचे लाडच की' असा आक्षेप येणारच. आमच्या पिढीला तर स्वतःला फटकारल्याशिवाय शिस्त लागते यावर विश्वासच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ब्राइन्स आणि चेन यांनी 2012 मध्ये याचा पडताळा पाहिला. अवघड चाचणीत नापास झालेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना अपयशाकडे समजुतीने पाहायला सांगितले, तर काहींचा नुसता आत्मसन्मान फुलवला. पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यास केला तो पहिल्यांनी.

दुसऱ्याच्या दुःखात बुडून जाणे म्हणजेच करुणा, हाही एक गोड गैरसमज. तानिया सिंगर, ओल्गा क्लिमेकी या मेंदू-संशोधक बाईंच्या प्रयोगांत असे दिसले की दुसऱ्याची वेदना आपणही भोगण्याचा सराव केला की मन खचत जाते. त्याच लोकांना नंतर करुणेचा, म्हणजे 'याचे भले होवो' या भावनेचा सराव दिला की ते सावरतात. सेवा करणाऱ्यांना कोणी हे शिकवत नाही. त्यांना फक्त झिजायला शिकवले जाते.

पण इथे एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. सलग झोप न मिळालेल्या बाईला 'स्वतःशी दयाळू राहा' असे सांगणे ही निव्वळ थट्टा आहे. हल्ली स्वतःची काळजी म्हणून तेल, साबण आणि सहली विकल्या जातात, तो प्रकार तर सोडाच. तिला हवे असते ते दुसरे माणूस, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, दोन तास. 'काही लागलं तर सांगा' म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते दुष्ट नसतात, घाईत असतात. प्रिन्स्टनमध्ये 1973 साली डार्ली आणि बॅटसन यांनी धर्मशास्त्राच्या 40 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसवलेला होता. निवांत असलेल्यांपैकी 63 टक्क्यांनी विचारपूस केली. फार उशीर झालाय असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यातले जेमतेम 10 टक्के थांबले. त्यांतले काही तर वाटसरूला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाच्या गोष्टीवरच प्रवचन द्यायला निघाले होते! म्हणून आमच्या गटात आता आवाहन करत नाही, वेळापत्रक करतो. नाव, वार, वेळ. न जमल्यास बदली कोण, तेही.

तेव्हा आपल्या प्रतिनिधींना एक विनंती. पुढच्या वेळी अशा घरी गेलात की त्या बाईला विचारा, तुमची सलग झोप शेवटची कधी झाली? तुमच्या जागी बसायला कोण येते, किती वेळ? तुमच्या स्वतःच्या गुडघ्याचे, रक्तदाबाचे कोणी पाहिले का? चिडचीड होते तेव्हा कोणाशी बोलता? मग घरातल्या बाकीच्यांनाही हेच विचारा आणि मिळतील ती उत्तरे छापा, 'कोणीच येत नाही' असे उत्तर आले तर तेही, मथळ्यात.

आपली,
एक नियमित वाचक