एकट्या खासदाराच्या विधेयकावरही मतदान होऊ द्या

माननीय लोकसभा अध्यक्ष महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातला ऊस उत्पादक. आमच्याच तालुक्यातल्या राजू शेट्टींना आम्ही हातकणंगले मतदारसंघातून दोनदा लोकसभेत पाठवलं, २००९ ला आणि २०१४ ला. त्यांच्या वाटचालीबद्दल आपल्याला लिहिण्याचं कारण आपल्या सभागृहाशी जोडलेलं आहे.

हा माणूस शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत घडला, पुढे वेगळा झाला आणि स्वाभिमानी शेतकरी संघटना उभी राहिली. २००२ मध्ये जिल्हा परिषद, २००४ मध्ये विधानसभा आणि मग दिल्ली. मागे कारखाना नाही, बँक नाही. ज्यांनी मत दिलं त्यांनीच निवडणुकीचा खर्चही उचलला; ‘एक व्होट, एक नोट’ ही आमच्याकडे नुसती घोषणा नव्हती. साखरपट्ट्यात याचं मोल काय, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. ज्या कारखानदाराच्या काट्यावर ऊस जातो त्याच्याच विरोधात मत द्यायला छाती लागते.

दिल्लीत गेल्यावर मात्र हा माणूस एकटा पडला. सभागृहात बोलायची वेळ पक्षाच्या संख्याबळावर ठरते. ज्याच्या पक्षाचा खासदार एकच, त्याला चर्चेच्या शेवटी जेमतेम काही मिनिटं मिळतात. उरतं ते खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं स्वतः मांडलेलं विधेयक. २०१८ मध्ये शेट्टींनी अशी दोन विधेयकं मांडली: एक शेतकऱ्याच्या कर्जमुक्तीचं, दुसरं शेतमालाला हमीभावाचा कायदेशीर हक्क देणारं. देशभरातल्या शेतकरी संघटनांनी एकत्र बसून तयार केलेले हे मसुदे होते. दोन्हींपैकी एकाचाही कायदा झाला नाही. २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकंही तिथंच संपली.

महोदय, मसुद्यांत दोष असतील. सरकारनं ते दाखवावेत, सभागृहानं विधेयक फेटाळावं, आम्ही ते मान्य करू. पण होकारही नाही आणि नकारही नाही, हे आम्ही लोकांना कसं समजावायचं? खासगी विधेयकाचा कायदा झाल्याचं १९७० नंतर आजपर्यंत एकही उदाहरण नाही. स्वातंत्र्यानंतर एकूण चौदाच. शुक्रवारी दुपारनंतरचे अडीच तास या कामासाठी राखलेले असतात, तेही एक आठवडा विधेयकांना, एक आठवडा ठरावांना. गदारोळात कामकाज तहकूब झालं की तेही जातात.

याच माणसाला सभागृहाबाहेर काय मिळालं, तेही सांगतो. ऊस तुटून गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. २०२२ मध्ये राज्य सरकारनं एफआरपीचे, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या उसाच्या किमान दराचे, तुकडे पाडायला परवानगी दिली: काही रक्कम आधी, उरलेली हंगाम संपल्यावर. सोसायटीचं कर्ज, खताची उधारी, पोराची फी यातलं काहीच हंगाम संपेपर्यंत थांबत नाही. शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. तेव्हा ते खासदार राहिले नव्हते.

२०१९ ला आणि २०२४ ला मतदारांनी त्यांना नाकारलं. आधी एका आघाडीत, मग दुसऱ्या आघाडीत जाणं लोकांना रुचलं नाही, आणि ती नाराजी मला चुकीची वाटत नाही. पण २०१७ मध्ये सत्तेच्या बाजूला असतानाही पुण्याहून मुंबईपर्यंत आत्मक्लेश यात्रा काढून चालत जाणारा आणि त्याच वर्षी ती सत्ता सोडणारा खासदार आम्ही पाहिलाय. आज आमच्या भागातली तरुण पोरं विचारतात, दहा वर्षं दिल्लीत राहून जे झालं नाही ते एका याचिकेनं झालं, मग निवडणूक लढवायची कशाला? महोदय, हा प्रश्न मला फार लागतो. कारण आंदोलनातून आलेल्या माणसानं संसदेत जायलाच हवं, असं मी आजही मानतो.

म्हणून मागणी एवढीच. आपण नियम समितीचे अध्यक्ष आहात. चर्चेला आलेलं प्रत्येक खासगी विधेयक त्याच लोकसभेच्या मुदतीत एकतर मतदानाला यावं किंवा संबंधित स्थायी समितीकडे जावं, आणि बुडालेल्या शुक्रवारचे अडीच तास त्याच अधिवेशनात दुसऱ्या दिवशी भरून मिळावेत, असा बदल आपण समितीपुढे ठेवावा.

आपला,
शिरोळ तालुक्यातला एक ऊस उत्पादक