ई-कचरा मोहीम: किलो नकोत, नग मोजा

संपादक महोदय,

१४ ऑक्टोबरच्या आंतरराष्ट्रीय ई-कचरा दिनाच्या सुमारास, परदेशी शाळांशी जोडलेल्या आपल्याकडच्या शाळांत जुने मोबाइल, चार्जर, लॅपटॉप गोळा होतात आणि व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडची मुले आपापले किलो जाहीर करतात. हा हिशेब बिनकामाचा आहे. पिक्चर ट्यूबचा एकच २१ इंची टीव्ही वीस किलोच्या आसपास भरतो. तेवढ्यात शंभराच्या घरात मोबाइल मावतात. साहजिकच मुले टीव्हीच्या मागे लागतात, आणि ट्यूब फुटली की शिसेयुक्त काच शाळेच्या आवारात. शिवाय आपल्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत उपकरणांचे ७ गट आहेत, युरोपीय संघात ६. त्यामुळे गटवार बेरजाही जुळत नाहीत. दोन्ही शाळांच्या सामायिक तक्त्यात नग, प्रकार आणि बिघाड लिहावा. फोन कुठे बॅटरीपायी टाकला जातो, कुठे स्क्रीनपायी आणि कुठे चांगला चालू असूनही, यावर मुलांना बोलण्यासारखे पुष्कळ सापडेल.

डिजिटल नागरिकत्वाचा तास मात्र बहुतेक ठिकाणी वेगळा, पासवर्डच्या भित्तिपत्रकांपुरता. ई-कचऱ्याच्या पेटीत पडणारा फोन खरे तर याच तासाला हवा. आधी सिम आणि मेमरी कार्ड काढावे; रीसेट केल्याने कार्ड पुसले जातेच असे नाही. बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप नव्या फोनवर हलवावे. मग गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडावे आणि त्यानंतरच सेटिंग्जमधून रीसेट करावा. क्रम चुकला, किंवा बटणे दाबून थेट रीसेट केला, तर जुन्या मालकाच्या खात्याचे कुलूप तसेच राहते आणि दुरुस्त होण्याजोगा फोनही भंगारात जातो. जुन्या अँड्रॉइडमध्ये माहिती सांकेतिक रूपात साठवलेली नसते. तिथे सेटिंग्जमध्ये सोय असल्यास आधी एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करण्याची सोय) सुरू करावे, मग रीसेट. चालूच न होणारे फोन ‘न पुसलेले’ अशी चिठ्ठी लावून वेगळे ठेवावेत. लॅपटॉपची हार्ड डिस्क नुसती झटपट फॉरमॅट करून भागत नाही, पूर्ण डिस्कवर एकदा नवी माहिती लिहावी लागते. एसएसडीला, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, तेही पुरत नाही. तिथे उत्पादकाची सिक्युअर इरेज (सगळे पुसण्याची) सुविधाच वापरावी.

फुगलेली बॅटरी पेटीत घेऊच नये. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, इमारतीबाहेर सावलीत ठेवावी. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी हवी, नाहीतर चार्जरच्या पिनांना टेकून शॉर्ट होतात.

गोळा झालेला माल सोपवताना ‘आम्ही अधिकृत आहोत’ हे नेणाऱ्या संस्थेचे शब्द पुरेसे नाहीत. माल शेवटी कोणत्या पुनर्वापर किंवा दुरुस्ती उद्योगाकडे जाणार ते विचारावे, त्याची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर पाहावी आणि नगवार पावती घ्यावी. न पुसलेले फोन तुकडे करून नष्ट केल्याचे प्रमाणपत्र वेगळे मागावे.

राहिला परदेशी शाळेशी देवाणघेवाणीचा भाग. सामायिक शीटमध्ये उत्साहाने मालकाचे नाव आणि आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) भरले जातात. ते शाळेच्या पावतीतच राहू द्यावेत. मुलांचे फोटो पाठवण्याआधी पालकांची लेखी संमती हवी. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, तर युरोपात ऑनलाइन सेवेला स्वतः संमती देण्याचे वय देशागणिक १३ ते १६ आहे. दोन्हीकडच्या नववीच्या मुलांनी वाद घालावा असा हा विषय.

आणि नमुना म्हणून सर्किट बोर्ड कुरिअरने धाडण्याची हौस आवरावी. १ जानेवारी २०२५ पासून बाझेल कराराखाली (धोकादायक कचऱ्याच्या सीमेपार वाहतुकीवरचा आंतरराष्ट्रीय करार) धोकादायक असो वा नसो, सर्वच ई-कचरा सीमेपार पाठवण्याआधी संबंधित देशाची पूर्वसंमती लागते. फोटो पाठवा.

– संगणक शिक्षकांचा एक गट, पुणे