पडक्या शेतघरांच्या नशिबी भुतंच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत देशोदेशींच्या ओसाड शेतघरांची छायाचित्रं पानभर छापली होती. छायाचित्रं उत्तम आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यांच्याखालच्या ओळी वाचून हसावं की रडावं ते कळेना. ‘शापित’, ‘गूढ’, ‘एका रात्रीत रिकामं झालेलं’! घर कोणाचं, कधी बांधलं, घरच्यांनी का सोडलं, याचा एका चित्राखालीही पत्ता नाही. मला या पडक्या घरांचा नाद फार जुना आहे, म्हणून राहवलं नाही.

एका रात्रीत रिकामी झालेली शेतघरं जगात आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. आणि त्यांच्याही गोष्टी तपासून घ्याव्या लागतात. आइसलँडमध्ये स्टोंग नावाचं एक शेतघर हेक्ला ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेलं होतं. १९३९ साली ते उकरून काढलं आणि ११०४ च्या उद्रेकाने हे घर संपवलं, ही गोष्ट सर्वतोमुखी झाली. पुढे तिथे पुन्हा खोदकाम झालं, तेव्हा उद्रेकानंतरही तिथे वस्ती होती असं मत काही पुरातत्त्वज्ञांनी मांडलं. ज्वालामुखी उशाशी असलेल्या घराची ही कथा, तर बाकीच्यांचं काय घ्या!

इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यातलं व्हॅरम पर्सी हे ओसाड गाव घ्या. चौदाव्या शतकातल्या प्लेगने अशी गावं पुसली गेली, हा लोकांचा आवडता समज. इतिहासकार मॉरिस बेरेसफोर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने तिथे १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात उत्खनन चाललं. निष्पन्न काय झालं, तर प्लेगनंतरही गाव दीडएकशे वर्षं नांदत होतं. शेवटची कुटुंबं १५०० च्या सुमारास निघाली. जमीनदाराला नांगरटीपेक्षा मेंढ्या जास्त परवडत होत्या, म्हणून त्यांना काढलं गेलं. प्लेगवर चित्रपट निघतो, मेंढ्यांवर कोण काढणार?

अमेरिकेतल्या मैदानी मुलखातल्या पडक्या घरांचं खापर असंच १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांवर फुटतं. त्या काळात पंचवीस लाखांच्या आसपास माणसं तो मुलूख सोडून गेली, हे खरंच. पण १९३५ साली त्या देशात ६८ लाख शेतं होती, ती १९७० पर्यंत तीस लाखांच्या खाली आली आणि आज वीस लाखांच्या आसपास आहेत. यातली बहुतेक घट वादळं शमल्यानंतरची. ट्रॅक्टर आला, एका घराला चौपट जमीन कसता येऊ लागली, शेजाऱ्याने शेजाऱ्याचं शेत विकत घेतलं. त्याला जमीन हवी होती, घर नको होतं. म्हणून तिथे पीक थेट भिंतीला टेकतं आणि मधोमध घर उभं राहतं, कोणी न पाडलेलं आणि कोणी न वापरलेलं. आपल्या पुरवणीतल्या एका चित्रात हुबेहूब हेच आहे. त्याखाली छापलंय, ‘इथे वेळ थांबला’!

आणखी एक कारण जगात सगळीकडे सापडतं, फक्त त्याचा फोटो निघत नाही. वारस. म्हातारी माणसं गेली, पाच मुलं पाच गावी, घर कोणाच्याच एकट्याच्या नावावर नाही. विकायला सगळ्यांच्या सह्या लागतात आणि दुरुस्तीचा खर्च कोणीच उचलत नाही. मग एक कौल सरकतं, पाणी तुळईच्या टोकात मुरतं, आणि जे घर शंभर वर्षं उभं राहिलं ते दहा-पंधरा पावसाळ्यांत बसतं. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत ९० लाख घरं रिकामी आढळली. त्यांच्यामागे लोकसंख्येच्या घटीबरोबर वारसांच्या या घोळाचाही मोठा हात आहे.

हे सगळं कळतं कसं, असं कोणी विचारेल. निम्मं घरच सांगतं. साधा खिळा घ्या. हाताने घडवलेला खिळा चारही बाजूंनी निमुळता होत जातो आणि त्याच्या डोक्यावर हातोडीचे पैलू दिसतात. पत्र्यातून यंत्राने कापलेला खिळा दोनच बाजूंनी निमुळता असतो. तो १७९० नंतर आला आणि पुढची शंभर वर्षं चालला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारेचा गोल खिळा स्वस्त झाला आणि त्याने बाकीच्यांची सुट्टी केली. दाराच्या चौकटीत कापीव खिळे आणि स्वयंपाकघराच्या फळ्यांत तारेचे खिळे दिसले, की घर दोन टप्प्यांत झालं असावं असा संशय घ्यायचा. निकाल लगेच द्यायचा नाही, कारण जुने खिळे उपसून पुन्हा वापरायची पद्धत सगळीकडे होती. सतराव्या शतकात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीत खिळे इतके दुर्मिळ होते, की जागा सोडून जाणारे लोक घराला आग लावायचे आणि राखेतून खिळे वेचून न्यायचे. १६४५ च्या सुमारास तिथे त्याविरुद्ध कायदा करावा लागला. एखाद्या घराची नुसती राख उरलेली दिसली, तर त्यामागे सूडकथाच असेल असं नाही.

भिंतीत वरपासून खालपर्यंत एक उभी सरळ फट दिसते का, ते बघावं. दगड एकमेकांत गुंतवलेले नसतील तर तिथे पूर्वी घराचा कोपरा होता आणि पुढचा भाग नंतर जोडला. तुळयांवर पटाशीने कोरलेले रोमन आकडे सापडतात. सुतार आधी सगळा सांगाडा जमिनीवर जुळवून बघत, खुणा करत, मग उकलून जागेवर उभा करत. ते आकडे क्रमाने लागले नाहीत, तर लाकूड दुसऱ्या एखाद्या मोडलेल्या घरातून आलं असण्याची शक्यता मोठी. झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय वाढतं; तुळईवर सालीखालचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं तेही काढता येतं. ही विद्या ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने उभी केली. सूर्यावरच्या डागांचा पावसाशी संबंध लावता लावता तो झाडांच्या वलयांकडे वळला. १९२९ साली अ‍ॅरिझोनात एका जळक्या तुळईच्या तुकड्याने त्याच्या वलयमालिकेतला खंड भरून निघाला आणि जुन्या इमारतींना नेमकी वर्षं मिळू लागली.

मात्र घर एकटंच बोलायला लागलं की फसवतं. इंग्लंडात १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता, म्हणून बुजवलेली खिडकी दिसली की लोक ‘कर चुकवला’ म्हणून मोकळे होतात. पण समोरची भिंत दोन्हीकडून सारखी दिसावी म्हणून मुळातच बंद खिडक्या बांधायचीही रीत होती. त्यामुळे कागद हवेतच. जिथे जमिनीवर कर आहे तिथे नोंद आहे, हा माझा अनुभव. आयर्लंडची १९०१ आणि १९११ ची जनगणना घ्या. गणना करायला घरोघर पोलीस शिपाई गेले. भिंती दगडाच्या की मातीच्या, छप्पर गवताचं की पक्कं, खोल्या किती, पुढच्या बाजूला खिडक्या किती, याची त्यांनी घरटी नोंद केली. गोठा, तबेला, डुकरांची खोपटी यांसाठी वेगळा तक्ता होता. ही पानं आज तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने फुकट खुली केली आहेत. पडक्या भिंतीसमोर उभं राहून खिडक्यांची भोकं मोजावीत, शिपायाने लिहिलेला आकडा बघावा आणि दोन्ही जुळले की त्याच घराच्या दुसऱ्या पत्रकात घरातल्या माणसांची नावं, वयं, कोणाला वाचता येत होतं आणि कोणाला नाही, हे वाचावं. या आनंदापुढे तुमचं भूत फिकं आहे, संपादक महाशय.

अमेरिकेतही तसंच. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकारकडून १६० एकर जमीन मिळायची. अट अशी, की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि हे दोन साक्षीदारांकरवी सिद्ध करायचं. त्या जबान्यांत घराची लांबी-रुंदी, विहीर, कुंपण, किती एकर नांगरली, सगळं येतं. हे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले आहेत.

घर आणि कागद यांच्यानंतर तिसरा साक्षीदार म्हणजे शेजारपाजारची म्हातारी माणसं. त्यांच्याशी बोलताना ‘इथे काय घडलं होतं?’ असं कधी विचारू नये. लगेच खून, खजिना, पांढरी साडी असं सगळं निघतं. ‘बैलगाडी कुठून वळायची?’, ‘पाणी कुठून आणायचे?’, ‘दूध कोण न्यायचं?’ असं विचारावं. मग खरं काय ते बाहेर येतं, त्याबरोबर नावंही येतात.

गूढ हवंच असेल तर तेही या घरांत आहे, उसनं आणायला नको. ब्रिटनमधल्या जुन्या घरांत धुराड्यापाशी किंवा भिंतीच्या पोकळीत लपवलेला एखादा जोडा सापडतो. बहुधा एकच पाय, वापरून झिजलेला, पुष्कळदा लहान मुलाचा. नॉर्थहॅम्प्टनच्या संग्रहालयात अशा जोड्यांची नोंदवही १९५० च्या दशकापासून ठेवलेली आहे. घराला नजर लागू नये म्हणून ठेवत असावेत, असा तर्क आहे. पण ठेवणाऱ्यांपैकी कोणी कारण लिहून ठेवल्याचं सापडत नाही.

‘एवढं काय मनावर घ्यायचं, गंमत म्हणून छापलं’ असं आपण म्हणाल. पण गंमतीची किंमत ते घर मोजतं. ‘झपाटलेलं’ म्हणून नाव झालं की रात्री टोळकी येतात, दारं उखडतात, आतल्या फळ्यांची शेकोटी करतात. शिवाय आत जाणाऱ्यांच्या जिवालाही धोका असतो. फळ्या वरून धड दिसतात आणि खालून कुजलेल्या असतात. परसातल्या विहिरीवर टाकलेल्या पाटांवर गवत वाढलेलं असतं. काही मुलखांत उंदरांच्या लेंड्यांच्या धुळीतून हंताव्हायरस श्वासात जाऊ शकतो, जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. यातलं एक वाक्यसुद्धा आपल्या पानावर नव्हतं.

तेव्हा पुन्हा असं पान काढाल तर छायाचित्रकाराला विचारा, की मालकाची परवानगी घेतली होती का. नसेल तर बाहेरून काढलेली चित्रंच छापा. नेमकं ठिकाण देऊ नका, पण बांधकामाचा काळ आणि सोडण्याचं कारण, जेवढं कागदावर सापडेल तेवढं, जरूर द्या. जुन्या कुटुंबाचं नाव छापण्याआधी त्यांचे वंशज हयात आहेत का, त्यांची हरकत आहे का, तेही पाहा. आणि आत पत्रं, हिशेबाच्या वह्या, पावत्या दिसल्या तर त्या उचलून आणल्याची फुशारकी छापू नका. कोणत्या खोलीत, कोणत्या कोनाड्यात, कशाखाली होत्या, ते टिपून जागच्या जागी फोटो घ्यावा आणि मालक तयार असेल तर त्या जवळच्या अभिलेखागारात पोचवाव्यात. तिथून निघालेली वही कोणाच्या दिवाणखान्यात गेली, की ती कोणत्या घरातली होती हे दहा वर्षांनी सांगणारं कोणी उरत नाही.

कळावे,
आपला एक जुना वाचक