बागेतल्या मोहोरावरून आठवलं

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. यंदाही अवकाळीनं मोहोर काळा पडला हे वाचून जीव हळहळला. फवारणीचा खर्च तर आधीच होऊन गेलेला. पण पुढे तू लिहितोस, "हवामान काय, पूर्वीपासून बदलत आलंय. माणसाच्या धुराचा त्याच्याशी काय संबंध?" यावर लिहिल्यावाचून राहवेना.

पूर्वीही बदलत होतं, कबूल. हिमयुगं आली नि गेली. प्रश्न आहे तो आत्ताचा. हवाई बेटावर मौना लोआ इथे १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा दहा लाखांत ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. तो कोळशा-तेलाचाच कशावरून? जिवंत झाडात कार्बन-१४ असतो, म्हणजे कार्बनचाच एक किरणोत्सर्गी प्रकार, जो काळानुसार आपोआप घटत जातो. कोट्यवधी वर्षं गाडल्या गेलेल्या कोळशातला तो केव्हाच संपलेला. त्यामुळे कोळसा जळत गेला तसं हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण घटलं. हान्स स्यूस या शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये झाडांच्या लाकडातूनच हे दाखवलं. आणि सूर्यामुळे तापत असतं, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. खाली तापतंय आणि वर स्थितांबर, म्हणजे ढगांच्या वरचा थर, थंड होतंय, म्हणजे हा वायू उष्णता खालीच अडकवतोय.

तुझा यंदाचा मोहोर यामुळेच गेला असं मी म्हणणार नाही. अवकाळी आपल्या आजोबांच्या काळीही पडायचा. पण अरबी समुद्र तापलाय आणि तापल्या पाण्यावर वादळं बळावतात. २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते, दोन्ही तू पाहिलीस.

"एकट्यानं काय होणार" हा तुझा दुसरा मुद्दा मला जास्त पटतो. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत १४ च्या आसपास. तेव्हा तू घरातला दिवा मालवलास म्हणून फार फरक पडायचा नाही, आणि तुझा रागही रास्त आहे. पण माणूस घराबाहेरही असतो ना? आमच्या सोसायटीत गच्चीवर सोलर बसवायचा विषय सर्वसाधारण सभेत नुसता पुढे ढकलला जायचा. गच्ची गळेल, वाळवणं कुठे घालायची, देखभाल कोण करणार! शेवटी दोघा-तिघांनी घरोघर जाऊन वीजबिलं समोर ठेवली, तेव्हा ठराव झाला. आता लिफ्ट आणि पाण्याचा पंप दिवसा त्यावरच चालतात. एका किलोवॉटला दिवसाकाठी चारेक युनिटं मिळतात.

तुझ्या शब्दाला गावात वजन आहे. उन्हाळ्यात सड्यावर वणवे लागतात, काजूची कलमं होरपळतात; तो विषय ग्रामसभेत तूच काढ. आणि तुझा तो डिझेल पंप! लिटरमागे अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो, वर खिशाला भुर्दंड. सौर कृषिपंपाच्या सरकारी योजनेत शेतकऱ्याला साधारण १० टक्केच भरावे लागतात. पंप किती हॉर्सपॉवरचा आहे आणि सातबारा कुणाच्या नावावर आहे ते कळव, अर्ज मी इथून भरतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा