सुट्टी, सोयाबीन आणि तुझ्या गावच्या विहिरी

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
14 एप्रिल 2026

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. तूही संत्र्याच्या बागेत होतास, पंप सुरू होता. धड बोलणं झालं नाही, म्हणून आज लिहायला बसलो. आज बाबासाहेबांची जयंती. सकाळी विहारात जाऊन आलो. तिथे शाळेतली पोट्टी सलग अठरा तास वाचायला बसली होती, पंख्याखाली, मांडी घालून. त्यांना बघून तुझाच प्रश्न डोक्यात घोळत राहिला.

पोराची अकरावी संपली, आता दोन महिन्यांच्या सुट्टीचं काय करायचं? तू म्हणालास, नागपूरचा क्रॅश कोर्स लावतो. वहिनी म्हणतात, जरा आराम करू द्या. आणि तुझा मेव्हणा न्यू जर्सीहून सांगतो की तिकडे कॉलेजवाले सुट्टीत काय केलं ते विचारतात, म्हणून एखाद्या नामांकित विद्यापीठाच्या आवारात भरणाऱ्या उन्हाळी वर्गाला पैसे भरा.

मेव्हण्याचं अर्धं खरं आहे. अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांना चालणारा एक सामाईक अर्ज असतो, कॉमन अॅप म्हणतात त्याला. त्यात दहा उपक्रम लिहायला जागा असते. प्रत्येकापुढे आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे, हेही भरावं लागतं. म्हणजे तिथेही टिकून किती केलं ते बघतात. त्याच यादीत मजुरीची नोकरी आणि घरची जबाबदारीसुद्धा लिहिता येते. पैसे भरून नामांकित आवारात तीन आठवडे राहिल्यानं त्या विद्यापीठाचं दार उघडत नाही. ज्या थोड्या कार्यक्रमांना तिकडे खरा मान आहे, त्यातला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात भरणारा रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट हा सहा आठवड्यांचा वर्ग तर फीच घेत नाही.

आपल्याकडे मेडिकलला नीटचे गुण, इंजिनिअरिंगला सीईटीचे नाहीतर जेईईचे. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजची पूर्वी स्वतःची प्रवेश परीक्षा होती, तिच्यात गांधीविचारांचा एक पेपर असायचा. आता तिथेही नीटच. पण प्रवेश झाल्यावर पहिल्या वर्षाची मुलं आजही आश्रमात शिबिराला राहतात आणि नंतर एका गावात जाऊन घरोघरी फिरतात. ज्याला माणसाशी बोलता येत नाही, त्याचं तिथे अवघड होतं. अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या ठिकाणी मुलाखतही असते, आणि तिथे बसून दुसऱ्याचं पाठ केलेलं बोलता येत नाही.

माझ्या घरचं सांगतो. थोरल्याला मी अकरावीनंतर एका मोठ्या शहरातल्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात पाठवलं होतं. पंधरा दिवस, अठरा हजार रुपये. परत आला तो लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र घेऊन. तिथे काय केलं विचारलं तर म्हणाला, बाबा, रोज भाषणं ऐकली. ते प्रमाणपत्र अजून कपाटात आहे आणि आजवर कोणी मागितलं नाही. त्या अठरा हजारांची हळहळ मला अजून वाटते, पण त्याच्या सुट्टीतले पंधरा दिवस वाया गेले याची जास्त.

धाकटीचं वेगळं झालं. त्याआधीच्या जूनमध्ये आमचं सोयाबीन विरळ उगवलं होतं आणि दुबार पेरणी करावी लागली. घरात सगळे पावसाला दोष देत होते. ही विचारत होती, बी चांगलं होतं हे कशावरून? अकरावीची परीक्षा संपली तशी तिनं आमच्याच चुंगडीतले शंभर दाणे मोजून घेतले. ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, वरून दुसरा ओला बारदाना टाकला, गुंडाळी केली आणि रोज पाणी शिंपडत राहिली. कृषी खात्याचे लोक हीच उगवण चाचणी दरवर्षी सांगतात, पण आम्ही कधी केलीच नव्हती.

पहिल्या खेपेला फसलं. तिनं गुंडाळी टिनाच्या पडवीत ठेवली होती. मे महिन्यातलं टिन म्हणजे तवाच, अर्धे दाणे सडले. मग दुसरी माजघरात, रांजणाच्या बाजूला ठेवली. सातव्या दिवशी उघडली तर 61 दाण्यांना कोंब. सोयाबीनला किमान सत्तर टक्के उगवण लागते. तितकी असेल तर एकरी तीस किलो बी, कमी असेल तर त्या मानानं वाढवायचं. तिनं त्रैराशिक मांडून आजोबांना दाखवलं की साठ टक्क्यांच्या बियाला एकरी पस्तीस किलो लागेल. आजोबांनी वही हातात घेऊन दोनदा वाचली.

मग शेजारची काकू आपलं बी घेऊन आली. मे संपेपर्यंत एकतीस घरचं बी आमच्या माजघरात गुंडाळून झालं होतं. घरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि ओल्या बारदान्याचा वास येत होता, तुझ्या वहिनीनं तेही सोसलं. वहीत तिनं रकाने पाडले होते: वाण कोणतं, बी किती वर्षांचं, मळणी कशी केली, पोती सिमेंटवर ठेवली की लाकडावर, थप्पी किती उंच. सोयाबीनचं साल पातळ असतं, पोतं आपटलं तरी दाणा आतून मरतो, हे तिला वही भरता भरता कळलं. एका काकाचं बी 52 निघालं. तिनं ते त्याला घरी जाऊन, नीट समजावून सांगितलं. त्यानं पेरणीआधी बी बदललं.

एक दिवस मात्र रडकुंडीला आली. एकाच चुंगडीतून दोनदा दाणे घेतले, तर एकदा 68 आले, एकदा 74. आता खरं कोणतं? मी म्हटलं, चारदा कर. पोत्याच्या वरून, मधून, तळातून दाणे घे. त्या आठवड्यात नमुना म्हणजे काय हे तिला जितकं समजलं, तितकं मी वर्गात खडू घेऊन पंचवीस वर्षांत कुणाला समजावू शकलो नाही. यंदा बारावी झाली, सीईटी द्यायची आहे. अकोल्याला, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात जायचं म्हणते. नंबर लागेल का, बघू.

म्हणून सांगतो, पोराला दहा गोष्टी करायला लावू नकोस. एकच दे, पण ती त्यानं स्वतः निवडलेली असू दे आणि तिची गावात कुणाला तरी गरज असू दे. तुझ्याकडे तर विषय दारात पडला आहे. 2016 मध्ये पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपला, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेला, जे तीन तालुके होते, त्यात तुमचा वरूड होता. तुझं पोरगं तेव्हा सातेक वर्षांचं होतं. पहाटे टोपलं घेऊन तुमच्यासोबत श्रमदानाला जायचं, तूच फोटो पाठवला होतास. दहा वर्षं झाली. पाणी अडवायला टेकडीवर खणलेल्या त्या सलग समतल चरांचं आज काय झालं? किती गाळानं भरले, किती अजून पाणी धरतात? खालच्या विहिरींना फरक आहे की सगळं पाणी बोअरांनी ओढून नेलं? हे त्यानं फिरून, मोजून पाहावं. भूजल सर्वेक्षणवाले त्यांच्या निरीक्षण विहिरींची पातळी मे महिन्यात मोजतातच. त्यानं तुमच्या शिवारातल्या वीस विहिरी धराव्यात, दर आठवड्याला त्याच वारी. पंप सुरू व्हायच्या आधी पहाटे मोजायचं, नाहीतर उपसलेल्या विहिरीचा आकडा वहीत येतो. तुमची विजेची लाईन रात्रीची असेल तर वेळ पाहून ठरवा. मृग बहारासाठी पाणी तोडून बाग ताणावर ठेवलेल्या विहिरी आणि आंबिया बहाराला पाणी चालू असलेल्या विहिरी वेगळ्या लिहायच्या. आणि हे नीट ऐक: विहिरीवर एकट्यानं जायचं नाही. कठडा नसलेल्या विहिरीत तर वाकायचंच नाही.

सकाळी नऊला घरी, मग दुपारी दोन-तीन तास फिजिक्स-बायोलॉजी. नीट पुढच्या वर्षी आहे, अभ्यास सोडा असं मी म्हणत नाही. बाकी दुपार झोपू दे, पन्हं पिऊ दे. मे अखेरचा कडक उन्हाचा नवतपा लागला की सकाळचं फिरणंही लवकर आटोपा. आठ दिवस काढता आले तर मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला आनंदवनाची श्रमसंस्कार छावणी भरते, तिथे पाठव. महाराष्ट्रभरची पोरं भेटतील.

वहिनींना एक सांग. पोरीच्या बारीलाही हेच करा. आपल्याकडे पोरीची सुट्टी म्हणजे पाणी भरणं, पापड-कुरडया आणि लग्नघरची कामं, त्यातून तिला वेळ काढून द्यावा लागतो. माझ्या वर्गातल्या काही मुली उन्हाळ्यात मजुरीला जातात आणि शाळेत सांगताना मान खाली घालतात. मी गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडे नोकरीला होतो तेव्हा पोरं पहाटे आईबापासोबत जंगलात जाऊन तेंदूपत्ता तोडायची, सत्तर पानांचा एक पुडा बांधायची, संध्याकाळी फडीवर, म्हणजे पानं विकत घेतात तिथे, हिशोब करायची. तो हिशोब त्यांचा कधी चुकला नाही. ते काम कुठल्याही शिबिराच्या तोडीचं आहे. ज्या मुलाला ते करावं लागतं त्यानं ते अर्जात छाती पुढे करून लिहावं, हे मी आता दरवर्षी वर्गात सांगतो.

मे अखेरीस आम्ही तुमच्याकडे येतो. धाकटीला वही घेऊन आणतो, रकाने कसे पाडायचे ते ती दाखवेल. तोवर पोराला टेप घेऊन दे, टोकाला ओळंबा बांधायला सांग. पन्नास मीटरचाच घे. तीस मीटरचा तुमच्याकडच्या विहिरींना पुरायचा नाही.

तुझाच,
मास्तर